बारा नंबरचा पाना

हायम आपटेकरने बायकोला दिलेलं वचन मोडलेलं नव्हतं. मोडायचा त्याचा विचारही नव्हता. ते पुरं करण्याची वेळ येऊ नये एवढीच त्याची खटपट चालली होती, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला एखादी खटपट लागतेच.

वचन साधं होतं. पार्किंगमधली लाल गाडी विकायची आणि तिच्या जागी दिनाला माणसासारखं बसता-उठता येईल अशी उंच गाडी आणायची. जुनं घर पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत त्यांच्या वाट्याला तळमजल्यावरचा फ्लॅट आणि एकच पार्किंग आलं होतं, त्यामुळे एक गेल्याशिवाय दुसरी येणं शक्य नव्हतं. मुदतही ठरलेली होती. दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास पनवेलची इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, घरं अलिबागकडच्या खंडाळ्याला जातात. तिथल्या कातळावर एलियाहू हनबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, रथाच्या चाकांच्या खुणा आहेत. तिथे गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा मलिदा मांडायचा, प्रार्थना म्हणायची, नवस फेडायचे. लग्न झाल्यापासून दिनाने एकही वर्ष चुकवलं नव्हतं. मग तिचे गुडघे गेले, आणि गेली चार वर्षं ती घरीच मलिदा करून खिडकीपाशी बसून राहत होती. "पुढच्या मलिद्याला तुला तुझ्या गाडीतून नेईन," असं हायम गेल्या वर्षी तिचा चेहरा बघून बोलून गेला होता. बोलून गेला आणि अडकला.

गाडी होतीच तशी. १९९१ची जपानी, दोन सीटांची, कापडी टपाची, आणि इतकी बुटकी की शेजारी उभा असलेला रिक्षावाला सिग्नलला वाकून आत बघायचा. दिनाचा मामेभाऊ नोम सिंगापूरची नोकरी सोडून आला तेव्हा ती जहाजातून घेऊन आला, आणि दोन वर्षांनी कायमचा इस्राएलला गेला तेव्हा हायमच्या गळ्यात घालून गेला. तिचे पुढचे दिवे मिटलेले असत आणि बटण दाबलं की डोळे वर काढल्यासारखे उघडत. त्यावरून तळ्याकडच्या सगळ्या गल्लीने तिचं नाव चिंबोरी ठेवलं. इस्राएली माणूस खेकडा खात नाही, पण ह्या एकाने तो दारात पाळला होता.

रसायनीच्या कारखान्यात हायमने छत्तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर म्हणून काढली. काटा किती हलला आणि का हलला हे बघण्यात हयात गेलेला माणूस. त्याला ह्या सोळाशे सीसीच्या इंजिनाने वेड लावलं होतं. "ह्याला टर्बो नाही," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. "कोणी मागून हवा कोंबत नाही. आपल्या छातीने श्वास घेतं आणि आपल्या दमाने पळतं. त्यामुळे ह्याला फसवता येत नाही. जेवढं नीट लावाल तेवढं नीट गाईल." दर दोन महिन्यांनी तो बॉनेट उघडून इंजिनाचं टायमिंग बघायचा. म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी नेमकी कधी पडते ते. पुस्तकात दहा डिग्री लिहिलं होतं आणि हायमने अठ्ठावीस वर्षं ते दहावरच ठेवलं, साडेनऊ नाही की साडेदहा नाही.

दिनाच्या गुडघ्यांबद्दल त्याला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण मनातल्या मनात त्याचा एक सिद्धांत होता, आणि तो तिला ऐकवायचाही. "मी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. मी बघ कसा टुणकन उठतो. सगळा मनाचा खेळ आहे." आणि खरंच तो उठायचा. गाडी पार्किंगच्या खांबाला चिकटून लावायचा, दार उघडायचा, खांबावरून खाली आलेल्या पाण्याच्या लोखंडी पाइपाला उजवा हात घालायचा, डावा स्टिअरिंगवर, आणि टुणकन बाहेर. दिना त्यावर काही बोलायची नाही. तिने तीस वर्षं पनवेलच्या शाळेत गणित शिकवलं होतं, आणि चुकीचं उत्तर लिहिणाऱ्याला आधी पूर्ण लिहू द्यायचं अशी तिची पद्धत होती.

तर, गिऱ्हाइकं. वर्षभरात तीन येऊन गेली.

पहिलं खारघरचं, कॉम्प्युटरवालं. त्याने फोन केल्यावर हायमने इंजिनाची ऑइल मोजायची पट्टी दोन बोटं वर उचलून ठेवली. एवढंच. पण तेवढ्या फटीतून इंजिन चोरून हवा ओढायला लागलं आणि उचक्या देत बंद पडलं. दुसरे पुण्याचे जुन्या गाड्या जमवणारे गृहस्थ. ते पट्टी चेपून बसवतील हे ओळखून हायमने टायमिंगच मागे सरकवलं. इंजिनाच्या मागच्या अंगाला ठिणगीची वेळ ठरवणारा एक सेन्सर असतो, तो एका बोल्टवर बसवलेला असतो. बारा नंबरच्या पान्याने बोल्ट सैल करायचा, सेन्सर नखभर फिरवायचा, की गाडी जेवून झोपलेल्या माणसासारखी चालते. मोडलेली वाटत नाही, म्हातारी वाटते. पुण्याचे गृहस्थ हळहळून गेले. तिसरा बिल्डरचा मुलगा, त्याला तिच्यात टर्बो बसवायचा होता. त्याच्या वेळी तर हायमला पुण्य केल्यासारखं वाटलं.

प्रत्येक वेळी गिऱ्हाईक गेलं की हायम चेहरा पाडून घरात यायचा, "नाही बाई पटली त्याला" असं म्हणायचा, आणि दिना दुपारी लवंडली की पाना घेऊन परत पार्किंगमध्ये. पाना तो स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात, सगळ्यात खाली ठेवायचा. हत्यारांच्या पेटीत ठेवला तर पेटी उघडण्याचा आवाज होतो, आणि चोराच्या मनात चांदणं.

मलिदा दोन आठवड्यांवर आला तेव्हा एका शुक्रवारी साडेचार वाजता दिना कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "उद्या चार वाजता एक जण गाडी बघायला येणार आहे."

"उद्या? उद्या शनिवार."

"बघायलाच येणार आहे. आपण कुठे व्यवहार करतोय?"

"अगं, पण शब्बाथ..."

"तुम्ही काही करायचं नाही. खुर्ची टाकून बसा. किल्ली मी आजच बाहेर खुंटीला लावून ठेवलीय. चहा थर्मासमध्ये असेल."

आता शनिवारच्या ह्या विश्रांतीची गोष्ट आपटेकरांकडे फार जुनी. हायमचे आजे-पणजे आपट्याला पाताळगंगेच्या काठी तेलाचा घाणा चालवायचे, आणि शनिवारी तो घाणा कधी फिरला नाही. बैल उभा, घाण्याची लाट उभी, माणसं उभी. गावात शनवार तेली म्हणूनच ओळखत. इतर सहा दिवस हायमची भक्ती बेताची होती, पण शनिवारी त्याने आजवर बॉनेट उघडलं नव्हतं की पान्याला हात लावला नव्हता. त्यामुळे जे काही करायचं ते आजच, आणि सूर्य बुडून शब्बाथ लागायच्या आत.

दिना आंघोळीला गेली तशी चमच्यांचा खण हलकेच उघडला गेला.

वाकडं काम असलं तरी हायम ते सरळ पद्धतीनेच करायचा. बॉनेटखालच्या एका काळ्या डबीत वायरचा वाकवलेला तुकडा खोचायचा, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर मध्ये लुडबुड करत नाही. मग टायमिंगचा दिवा लावायचा. तो दिवा पिस्तुलासारखा असतो आणि ठिणगी पडेल तेव्हाच चमकतो, त्या उजेडात खालच्या पुलीवरची खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. हायमने दहावरची खूण बरोब्बर दोनवर आणली. चोरी करायची तीही मापाने. बोल्ट आवळतो न आवळतो तोच खिडकीतून दिनाची हाक आली, "अहो, वाती लावतेय." तो दिवा गुंडाळून, बॉनेट आपटून, हात पुसत धावला. वर्षातल्या बावन्न शुक्रवारांपैकी एकाही शुक्रवारी त्याला उशीर झाला नव्हता, आणि ह्या कामासाठी होऊन चालणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिनेगॉगमध्ये धर्मग्रंथ, तोरा, वाचला जात असताना त्याला एकदम आठवलं. वायर. वायरचा तुकडा त्या काळ्या डबीतच राहिला होता.

पहिल्यांदा त्याची पाचावर धारण बसली. मग त्याने स्वतःला समजावलं. बोटाएवढी वायर. गाडी विकत घ्यायला येणारी माणसं रंग बघतात, टायर लाथेने दाबतात, एसी गार लागतो का विचारतात. त्या डबीचं झाकण उघडून कोण बघतो? शेजारच्या बाकावरच्या अवीवने त्याला कोपराने ढोसलं तेव्हा सगळे उभे होते आणि हायम एकटा बसलेला होता.

चार वाजता पार्किंगमध्ये स्कूटर येऊन थांबली आणि तिच्यावरून तिशीची एक बाई उतरली. अंगात निळा कारखान्याचा शर्ट, केस वर बांधलेले, खांद्याला कॅनव्हासची पिशवी, पायाशी पाच लिटरचा कॅन. तिने आधी दिनाच्या पाया पडून घेतलं.

"ही मनिषा घरत," दिना म्हणाली. "माझी विद्यार्थिनी. दहावीला गणितात शहाण्णव. कळंबोलीला ट्रकचे डिझेल पंप दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे तिचं."

हायमच्या मनात बारीकशी पाल चुकचुकली. पण डिझेल म्हटल्यावर तो सावरला. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते, तर ठिणगीची वेळ हिला काय कळणार? खुर्चीत मागे रेलून तो मोठ्या सात्त्विकपणे म्हणाला, "ये. बघ हवी तेवढी. पण एक सांगून ठेवतो, आज आमचा शब्बाथ. मी गाडीला हात लावणार नाही आणि गाडीबद्दल एक अक्षर बोलणार नाही."

प्रश्नांना उत्तरं द्यायला नकोत म्हणून केलेली ही युक्ती. तिच्यावर तो इतका खूश झाला की त्याने स्वतःहून बिस्किट घेतलं.

"नका बोलू काका," मनिषा म्हणाली. "मी तिलाच इचारते."

तिने किल्ली घेऊन गाडी सुरू केली आणि आत न बसता बाहेर येऊन उभी राहिली. एक हात छपरावर, मान कलती. बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग मागे जाऊन धुराचा वास घेतला. हायमने कप खाली ठेवला. आजपर्यंतच्या तीन गिऱ्हाइकांपैकी एकानेही धुराचा वास घेतला नव्हता.

"बाई, ही आजारी नाय," मनिषा दिनाला म्हणाली. "हिला झोपेची गोली दिल्यागत वाटतंय."

"असेल," दिना म्हणाली. "वय झालंय."

"वय नाय. आमच्या दाजीचा मिठागरावर पानी चढवायचा पंप व्हता. त्याचं टायमिंग मागं गेलं ना, का आसाच आवाज यायचा. दाजी म्हनायचा, पंप रुसलाय. मी आठ वर्षांची आसंन, मला कान लावून बसवायचा आनि इचारायचा, सांग कवा हसला." तिने बॉनेट उघडलं, आत वाकली, आणि सरळ त्या काळ्या डबीचं झाकण उघडलं.

हायमने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मनिषाच्या दोन बोटांत वायरचा तुकडा होता. ती आधी वायरकडे बघत होती, मग हायमच्या बोटांकडे, मग दिनाकडे.

"काका, ही वायर..."

हायमने तोंड उघडलं.

"ते बोलणार नाहीत," दिना म्हणाली. "शब्बाथ आहे. त्यांनी स्वतःच सांगितलं ना?"

हायमने तोंड मिटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मनिषाने वायर परत होती तिथे खोचली. पिशवीतून तिने टायमिंगचा दिवा काढला, आणि त्याला जोडलेल्या चांगल्या लांब वायरी. त्या लांब वायरी पाहून हायमचं उरलंसुरलं अवसान गळालं. ह्या गाडीची बॅटरी पुढे नसते, मागे डिकीत असते. म्हणजे ही पोरगी घरून अभ्यास करून आली होती. तिने दिवा रोखला, बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "दोनवर हाय." मग पिशवीतून बारा नंबरचा पाना निघाला.

सत्तर वर्षांत हायमने शब्बाथ कधी इतका कडक पाळला नव्हता. हात मांडीखाली दाबून तो बसून राहिला. पुढ्यात एक परकी बाई त्याच्या इंजिनाचा बोल्ट सैल करत होती आणि त्याला ना हात लावता येत होता, ना थांब म्हणता येत होतं. थांब म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं. तिने सेन्सर फिरवायला सुरुवात केली. चार. सहा. आठ. आवाज मोकळा होत गेला. दहा. हायमने नकळत सुस्कारा सोडला. हा त्याचा आवाज, घरचा. आता आवळ, तो मनात म्हणाला. पण मनिषा थांबली नाही. तिने कॅनमधलं महागातलं पेट्रोल टाकीत ओतलं, इंजिन पाच-दहा मिनिटं चालू दिलं, मग परत वाकली आणि डोळे मिटून आणखी केसभर फिरवलं. आणि आणखी.

अकरा. बारा. इथे पुस्तकाची हद्द कधीच ओलांडली होती. हायम खुर्चीतून अर्धा उठला.

"बसा," दिना म्हणाली.

मग इंजिनाचा आवाज असा काही झाला की हायम आपोआप बसला. अठ्ठावीस वर्षांत त्याने तो ऐकला नव्हता. वाढला नव्हता, उलट बारीक झाला होता, पण एकसंध, सुरात. मनिषाने आवळून टाकलं, वायर काढली, बॉनेट लावलं आणि दिनाला म्हणाली, "बाई, पळस्प्यापर्यंत जाऊन येते."

गाडी गेली. हायम फाटकापर्यंत चालत गेला, चालायला बंदी नव्हती. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मनिषाने तिला ओढली ते त्याला इथून ऐकू आलं. दुसरा गिअर, तिसरा, कुठेही अडखळ नाही. सात हजारांपर्यंत ती कधी गेली नव्हती असं नाही, पण कुरकुरत जायची. आज गात गेली. हायमला मनापासून आनंद झाला आणि त्याच वेळी रडू यावंसं वाटलं, कारण इतकी वर्षं आपण हिला जपलं असं त्याला वाटत होतं आणि आता कळत होतं की आपण हिला नुसतं दहावर बसवून ठेवलं होतं.

अर्ध्या तासाने मनिषा परत आली. खांबाशी गाडी लावून, खाली उतरून म्हणाली, "काका, तुमी बसा ना. एक चक्कर."

"शब्बाथ," हायम कसाबसा म्हणाला.

"सुटेल की आता," दिना म्हणाली. "तीन तारे दिसू देत."

मग पार्किंगच्या तोंडाशी तिघंही आभाळाकडे बघत उभी राहिली. पहिला तारा लगेच दिसला. दुसरा दिसला तो सरकत सरकत नव्या विमानतळाकडे उतरला, म्हणून परत मोजावं लागलं. सातच्या सुमाराला हायमने घाईघाईने शब्बाथ उठवण्याचे आशीर्वाद म्हटले, लवंगांचा वास घेतला, आणि दिनाला वाटलं त्यापेक्षा बराच लवकर बाहेर आला.

मनिषाने किल्ली त्याच्यापुढे धरली. त्याने मान हलवली. "तू चालव. मला ऐकायचंय." आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा हायम आपल्या गाडीत डावीकडच्या सीटवर बसला. बसला म्हणजे काय, पडला. आजवर ती सीट दिनाची होती, आणि चार वर्षांपासून कोणाचीच नव्हती.

थंडी होती म्हणून टप वर होता. पळस्पे फाटा, तिथून गोव्याच्या रस्त्याला थोडं पुढे, आणि परत. वाटेत हायम फक्त एकदा बोलला. "किती ठेवलंस?"

"चौदा."

"पुस्तकात दहा आहे."

"पुस्तक लिवनाऱ्यानं, कुठलं पेट्रोल मिलंल कुनास ठाव, म्हनून भिऊन लिवलं आसंल. ही नाय भीत." जरा वेळाने ती म्हणाली, "माज्या भावांनी जमिनीच्या पैशात उंच काल्या गाड्या घेतल्या. मला नको. हिच्यात बसलं का हात खाली सोडला तर जमीन लागंल आसं वाटतं. आमची जी व्हती ती तर गेली."

गाडी द्यायची नाही हे हायमने कालपासून धरून ठेवलं होतं, आणि आता ते धरायला जड जात होतं. तरी त्याने मनात एक शेवटची पळवाट काढून ठेवली. घरी गेल्यावर म्हणायचं, बघू, मलिद्यानंतर बोलू.

पार्किंगमध्ये मनिषाने गाडी खांबाशी लावली, इंजिन बंद केलं, आणि पाइपाबिइपाला हात न लावता बाहेर पडली. हायमने आपल्या बाजूचं दार उघडलं. एक पाय बाहेर टाकला. उठला.

म्हणजे, उठला नाही.

त्याने डावा हात बाहेर टाकला. तिथे पाइप नव्हता. खांब पलीकडच्या बाजूला होता. उजवा हात स्टिअरिंगकडे गेला. तेही पलीकडे होतं. त्याने सीटवर दोन्ही हात रोवून जोर केला. गुडघ्यांतून कळ आली आणि तो परत धप्प बसला. दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा. मग सहज बसल्यासारखा चेहरा करून समोर बघत राहिला.

दिना दाराशी येऊन उभी राहिली. "काय झालं?"

"काही नाही. इंजिन ऐकतोय."

"इंजिन बंद आहे."

"गार होताना बारीक टकटक करतं. ते ऐकतोय."

दिना थांबली. तिला कुठे घाई नव्हती. वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. पाचवीला हायमने खाली मान घालून विचारलं, "तू कशी उठायचीस गं?"

"तुम्ही पुढे चालत जायचात," दिना म्हणाली. "मी आधी खाली पाय सोडायचे, मग दाराला धरून गुडघ्यावर यायचे, जमिनीवर. मग उठायचे. एकदा खंडाळ्याला साडी फाटली होती. तुम्ही म्हणालात, आवर लवकर, मलिदा थंड होतोय."

"मलिदा थंडच असतो."

"तेच मी तेव्हा म्हटलं होतं."

हायमने पलीकडच्या खांबाकडे बघितलं. आपल्याला टुणकन उठवत होता तो पाइप होता, मन नव्हे, हे त्याला आजवर कळलं नव्हतं आणि हिला कधीचं माहीत होतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. "त्या पाइपाने उठवलं मला इतके दिवस," तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. दिनाच्या एकटीच्याने तो उठणार नव्हता, म्हणून एक हात तिने धरला आणि एक मनिषाने, आणि दोघींनी मिळून त्याला विहिरीतून घागर ओढावी तसा वर ओढला.

उभं राहिल्यावर त्याने टोपी नीट केली. "मनिषा, उद्या ये. शब्बाथ सुटलाय म्हणून आज बोललो असतो, पण उद्या दिवसाउजेडी कागद करू. गाडी तुझी." मग जरा थांबून, "पण महिन्यातून एकदा आणायची. मला ऐकायला."

"आनीन की. उतरवायला पाइप बी आनीन," मनिषा म्हणाली आणि स्कूटरकडे गेली. पिशवी अडकवता अडकवता ती मागे वळली. "बाई, तुमी सांगितलात ते बरं झालं. बारा नंबरचा पाना मी तर आनलाच नसता. मी धा नंबरचा घेऊन निगाले व्हते."

हायमने हळूच दिनाकडे बघितलं. तीस वर्षं कॉप्या पकडलेल्या बाईचा चेहरा जसा असतो तसाच तिचा चेहरा होता, म्हणजे त्यावर काहीच नव्हतं. ती घरात गेली, चमच्यांचा खण उघडल्याचा आवाज आला, आणि ती हायमचा पाना घेऊन बाहेर आली.

"हाही घेऊन जा," तिने तो मनिषाच्या पिशवीत टाकला. "नाहीतर नव्या गाडीलाही अधूनमधून बरं वाटेनासं व्हायचं."

स्कूटर गेली. हायम चिंबोरीच्या टपावर हात ठेवून उभा होता. त्याने विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"पहिल्या गिऱ्हाइकापासून. तुम्ही चेहरा पाडून आत आलात आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्यात."

"मग बोलली का नाहीस?"

दिना खांबाच्या पाइपाला धरून पायरी चढत होती. ती थांबली. "गिऱ्हाईक परत गेलं की तुम्ही इतके खूश असायचात, हायम. म्हटलं, असू दे. पहिली तीन गिऱ्हाइकं मी तुम्हाला दिली." मग तिने त्याच्यापुढे हात केला, कारण पायरी उंच होती आणि तोही आता सत्तरीपुढचा होता. "हे चौथं माझं होतं."